चित्रात नसलेली माणसे : ‘अँग्री इनुक’ ह्या अनुबोधपटाच्या निमित्ताने

‘अँग्री इनुक’ हा अनुबोधपट २०१६ साली टोरांटोच्या ‘हॉट डॉक्स’ महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक त्याने तेथे मिळविले. दिग्दर्शिका अलेथिया अर्नाकुक-बारिल ह्या नुनाव्हुत प्रदेशाची राजधानी इकालुइत येथील. ‘इनुक’ हे ‘इन्युइट’ ह्या शब्दाचे एकवचन. म्हणजे नावाचा सरळ अर्थ ‘रागावलेला इन्युइट माणूस’ असा. पण पडद्यावर राग शोधू गेले तर आरडाओरडा कोठेच सापडत नाही. बाई अत्यंत हलक्या आवाजात, जवळजवळ संकोचून बोलतात. आपल्या समाजात राग मोठ्याने दाखविणे कमीपणाचे समजतात, असे त्या सांगतात, आणि मग जो प्रश्न विचारतात तोच सबंध बोलपटाचा गाभा आहे : ज्यांचा राग मुका आहे अशा लोकांनी, ज्यांचा राग कर्ण्यातून येतो अशा लोकांसमोर आपले म्हणणे मांडावे तरी कसे?

आपल्या वाचकांना प्रथमदर्शनी हा विषय दूरचा वाटेल. सीलचे मांस आपल्याला काशेर नाही. त्याच्या कातड्याचा कोट आपल्यापैकी फारसा कोणाच्या कपाटात नसेल. आणि उत्तर ध्रुवाकडची ती गावे आपण कॅनडाच्या नकाशात पाहतो तेवढीच. परंतु बर्फावर बसलेले, काळ्याभोर पाणीदार डोळ्यांचे, पांढरेशुभ्र सीलचे पिल्लू ज्याने कधीच पाहिले नाही असा माणूस ह्या देशात सापडणे कठीण. ते चित्र पत्रकांवर आले, टपालाने आले, शाळेतल्या मुलांच्या वह्यांवर आले. आणि चित्राखाली मजकूर काय तर, एवढ्याशा जिवाला सोटा घालून मारणाऱ्यांना थांबवा. ते वाचून मन द्रवले नाही असे कोणाला म्हणता येईल?

ज्यांनी ते चित्र पसरविले ती माणसे दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविरुद्ध बरेच लिहायचे आहे. १९६०च्या दशकात सेंट लॉरेन्सच्या आखातात आणि न्यूफाउंडलंडच्या समोरच्या बर्फावर दरवर्षी जी शिकार चाले ती मोठ्या जहाजांची होती, त्यांत नॉर्वेची जहाजेही होती. हार्प जातीच्या सीलची संख्या त्या काळात खरोखरच चिंता वाटावी इतकी घटली होती. हा प्रकार थांबला पाहिजे असे म्हणणारा माणूस योग्यच बोलत होता. १९६९ साली ब्रायन डेव्हिस ह्यांनी न्यू ब्रन्सविकमध्ये ह्याच कामासाठी एक आंतरराष्ट्रीय प्राणिकल्याण निधी उभारला. १९७१ साली व्हँकूव्हरला जन्मलेली ‘ग्रीनपीस’ ही संस्था १९७६ साली ह्या मोहिमेत उतरली. तेव्हा ही सगळी गोष्ट कॅनडाच्या घरातलीच आहे.

१९७६चा तो प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. चित्रपटाचा भर त्यावर नाही, तरी तो येथे सांगतो. ग्रीनपीसचे लोक न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकावरील सेंट अँथनी गावी उतरले ते हिरवा रंग घेऊन. पिल्लांच्या पांढऱ्या केसांवर रंग फवारायचा, म्हणजे कातडे कवडीमोल होईल, अशी त्यांची युक्ती. गावकरी संतापून अंगावर आले. पण त्या गर्दीत बोलणे सुरू झाले आणि एक वेगळीच गोष्ट उघड झाली. गावातला लहान होडीवाला आणि व्हँकूव्हरचा पर्यावरणवादी ह्यांचा शत्रू एकच होता. परदेशी मोठी जहाजे आणि ट्रॉलर येऊन किनाऱ्याजवळचा मासा खरवडून नेत होते आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नव्हते. ग्रीनपीसचे बॉब हंटर ह्यांनी रंगाचा बेत सोडला. स्थानिकांच्या लहान प्रमाणावरील शिकारीच्या आड न येता, मोठ्या जहाजांविरुद्ध आणि दोनशे मैलांच्या सागरी हद्दीसाठी दोघांनी मिळून लढायचे, असा समझोता झाला. कोकणातला कोळी किंवा गोव्याचा रापणकार ह्याला ही भाषा दुभाष्यावाचून समजली असती. गोव्यात रापणकारांचा ट्रॉलरविरुद्धचा लढा ह्याच दशकातला.

हा समझोता वर्षभरही टिकला नाही. मार्च १९७७ मध्ये फ्रेंच नटी ब्रिजिट बार्दो ब्लाँ-साब्लाँ गावी आली, तिच्यामागे छायाचित्रकार आले, आणि युरोपभर वर्तमानपत्रांतून पांढरे पिल्लू झळकले. सागरी हद्द, ट्रॉलर, लहान होड्या ह्या सगळ्याचे छायाचित्र निघत नाही. पिल्लाचे निघते. नटीचे तर निघतेच. जो कोळी आदल्या वर्षी सहकारी होऊ घातला होता तो पुन्हा चित्रातला खाटीक झाला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २ जुलै १९९२ रोजी केंद्रीय मंत्री जॉन क्रॉस्बी ह्यांना न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, कारण समुद्रात कॉड उरला नव्हता. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. लहान होडीवाले किती वर्षे ओरडून सांगत होते की मासा संपतो आहे. पर्यावरणवाल्यांची साथ असती तर कॉड वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. पण जे दोघे बरोबर उभे राहू शकले असते ते एकमेकांकडे पाठ करून उभे होते आणि त्या पाठ फिरविण्यात एका चित्राचा वाटा होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता चित्रपटाकडे. वरच्या भांडणाशी इन्युइट लोकांचा काही संबंधच नव्हता. ते हार्प जातीची पांढरी पिल्ले मारीत नाहीत. त्यांची शिकार बहुतांशी मोठ्या झालेल्या, रिंग्ड नावाच्या जातीच्या सीलची. मांस वाटून खायचे, कातड्याचे कपडे करायचे आणि उरलेली कातडी विकायची. परंतु बाजाराला जात कळत नाही. युरोपीय समुदायाने १९८३ साली पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा कायद्यात इन्युइटांसाठी अपवाद लिहिलेला होता. पॅरिसच्या दुकानात कोट पाहणारी बाई कायद्याचा मसुदा वाचीत नाही. तिने चित्र पाहिलेले असते. सगळ्याच सील-कातड्यांचा बाजार बसला. रेझोल्यूट ह्या एका लहान वस्तीचा हिशेब नेहमी दिला जातो : १९८२ साली कातड्यांतून सुमारे ५४ हजार डॉलर आले होते, १९८३ साली जेमतेम एक हजार.

अर्नाकुक-बारिल ह्यांनी हा भाग फार चांगला हाताळला आहे. शहरातले सहृदय लोक म्हणतात, ‘पोटासाठी मारता ना, मग मारा. विकू मात्र नका.’ ह्या वाक्यात दयाळूपणा आहे असे बोलणाऱ्याला वाटते. बाई कॅमेरा घेऊन शिकाऱ्याबरोबर बर्फावर जातात आणि त्या दयाळूपणाचा हिशेब मांडून दाखवितात. बर्फावरच्या मोटार-घसरगाडीला पेट्रोल लागते, बंदुकीला काडतुसे लागतात, होडीला यंत्र लागते, आणि ही सर्व दुकानातून रोख पैशांनी घ्यावी लागतात. कातडे विकले तर पुढच्या शिकारीचे पेट्रोल येते, आणि पेट्रोल आले तर मांस येते. नाही तर विमानाने आलेले महागडे डबाबंद अन्न घ्यायचे. पोटासाठीची शिकार आणि विक्रीची शिकार ही दोन वेगळी खाती नाहीत. मॅकगिल विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ जॉर्ज वेन्झेल ह्यांनी बॅफिन बेटावरील क्लाइड रिव्हर गावात वर्षानुवर्षे राहून हेच आपल्या १९९१च्या पुस्तकात दाखविले होते. पण पुस्तक किती जण वाचतात? किम्मिरुत गावातल्या घरी आणलेला सील सगळे मिळून कापून खातात ते दृश्य पाहिले की वेन्झेलचे म्हणणे दोन मिनिटांत पटते. रक्त पाहून प्रथम नजर वळते खरी. पुढच्या क्षणी लक्षात येते की आपण एका घरातल्या जेवणाच्या पंक्तीकडे पाहत आहोत.

चित्रपटातील दुसरे मुख्य पात्र आजू पीटर. जन्माने ग्रीनलंडच्या, इकालुइतला स्थायिक झालेल्या, वकिली शिकलेल्या आणि सीलच्या कातड्याचे कपडे शिवणाऱ्या ह्या बाई युरोपीय संसदेत जाऊन आपली बाजू मांडतात. युरोपीय संघाने २००९ साली बंदी आणखी व्यापक केली, पुन्हा इन्युइटांसाठी अपवाद ठेवूनच. इन्युइट संघटना युरोपच्या न्यायालयात गेल्या आणि २०१३ साली हरल्या. ब्रुसेल्सच्या त्या लांब काचेच्या दालनांतून ह्या मंडळींना धावताना पाहून आपल्या पोटात काहीतरी हलते. मोजकी माणसे, अनोळखी भाषा, भेट मिळाली तर पाच मिनिटांची. समोरचा सभासद हसून बोलतो, पण त्याने मत केव्हाच ठरविलेले असते, कारण ते चित्र लहानपणापासून त्याच्या मनात आहे. आणि कॅनडाने पांढऱ्या पिल्लांच्या शिकारीवर १९८७ सालीच बंदी घातली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बंदी आल्यावरही कित्येक वर्षे पत्रकांवर तेच पिल्लू राहिले.

ते का राहिले, ह्याचे उत्तर चित्रपट देतो : देणगी मिळते म्हणून. ग्रीनपीसमधून १९७७ साली बाहेर पडलेले पॉल वॉटसन ह्यांनी पुढच्याच वर्षी सीबीसी रेडिओवर, सीलच्या नावाने पैसा सहज उभा राहतो असे उघड सांगितले होते. येथे मात्र मला दिग्दर्शिकेशी थोडे भांडायचे आहे. पैशाचा मुद्दा खरा आहे, पण बाई त्यावर इतका जोर देतात की ज्याने कधीतरी पाच डॉलर पाठविले त्या सामान्य माणसालाही आपण एखाद्या लुटीत सामील होतो असे वाटू लागते. हॅमिल्टनची एखादी शाळामास्तरीण, विनिपेगचा एखादा पेन्शनर. मुक्या जनावराची कीव आली म्हणून त्यांनी पैसे पाठविले. हीच माणसे उद्या इन्युइटांची मित्र होण्याजोगी आहेत, कारण त्यांना कीव येते. ज्याला कशाचीच कीव येत नाही तो चित्रपट पाहायलाच येणार नाही. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर ते चित्रपटगृहातून मान खाली घालून निघून जातील. शिवाय न्यूफाउंडलंडच्या मोठ्या शिकारीतील पद्धतींविषयी जे खरे आक्षेप होते, त्यांवरून चित्रपट भरभर पुढे जातो. सगळ्या प्राणिमित्र संस्था एकाच मापाने मोजल्या जातात. ज्या दोषाबद्दल बाई विरुद्ध पक्षाला धरतात, त्याची सावली अशी कोठे कोठे त्यांच्याही कामावर पडली आहे.

आता हे सर्व आपल्या पानावर कशासाठी, ते सांगतो. ह्या गोष्टीत आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहोत.

मुक्या जिवांना यातना न देण्याची आज्ञा, ‘त्साअर बाअले हायीम’, ही आपल्या धर्मातली जुनी शिकवण. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, ओझ्याखाली पडलेले गाढव शत्रूचे असले तरी उठवावे, पिल्लांसमोरून आईला नेऊ नये, हे तोरात सांगितले आहे. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत ते शनिवारी घाणा बंद म्हणून. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुटी. प्राणिमित्रांना आपल्याइतके तयार दोस्त कोठे मिळाले असते? आणि त्यांनी आपल्याशी बोलणी कोठून सुरू केली? युरोपात काशेर पद्धतीने जनावर कापण्यावर, शेहितावर, बंदीची मागणी करून. स्वित्झर्लंडने १८९३ साली असा नियम केला तेव्हा दयेच्या भाषेत यहुद्यांविषयीचा द्वेषही मिसळलेला होता, हे इतिहासकार सांगतात. आजही बेल्जियमच्या दोन प्रदेशांत ही बंदी आहे आणि २०२०च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कोंबड्यांच्या कारखान्यांत रोज काय चालते त्याबद्दल बोलला असतात तर आम्ही तुमच्या शेजारी उभे राहिलो असतो, असे म्हणणारे यहुदी पुष्कळ आहेत. पण ज्याच्याशी बोलायचे त्याच्याच ताटाकडे आधी बोट दाखविले की संभाषण तेथेच संपते.

२००३ सालचे उदाहरण तर आणखी वाईट. ‘पेटा’ ह्या अमेरिकन संस्थेने कत्तलखान्यातील जनावरांची छायाचित्रे आणि नाझी छळछावण्यांतील माणसांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावून एक फिरते प्रदर्शन काढले. हेतू धक्का देण्याचा होता आणि धक्का बसलाही. यहुद्यांमध्ये शाकाहारी लोक पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांनी ह्या संस्थेकडे पाठ फिरविली असेल तर त्यांना दोष कोण देईल? संस्थेच्या अध्यक्षा इन्ग्रिड न्यूकर्क ह्यांनी २००५ साली झालेल्या दुःखाबद्दल क्षमा मागितली. ज्यांच्या आजीचे छायाचित्र असे फलकावर लावले गेले त्यांना ते पुरेसे वाटले की नाही, हे ते जाणोत.

उलट बाजूने पाहू. आपण स्वतः चळवळ केली तेव्हा आपली भाषा काय होती? १९५१ साली बीर-शेव्याकडच्या भारतीय मंडळींनी तेल-अवीवला धरणे धरले. त्यांना सोसावा लागलेला भेदभाव खरा होता, पण मागणी होती ‘आम्हांला भारतात परत पाठवा’. त्यांतील काही कुटुंबे १९५२ साली मुंबईला परतलीही. आता विचार करा. ज्या इस्राएली शेजाऱ्याला आपली बाजू घ्यावीशी वाटत होती त्याने ह्या मागणीत काय करावे? निरोप द्यावा? त्याला करण्यासारखे त्यात काहीच ठेवलेले नव्हते.

१९६४ची गोष्ट निराळी. १९६२च्या फेब्रुवारीत मुख्य रब्बीनेटने जे निर्देश काढले त्यांत आपल्या समाजाचे नाव घालून विवाहापूर्वी पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले होते. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह जेरुसलेमला ज्युईश एजन्सीसमोर जाऊन बसली. सॅमसन जे. सॅमसन ह्यांच्यासारखे पुढारी होते. मागणी एकच आणि लहान : आम्ही यहुदी आहोत, निर्देशातून आमचे नाव काढा. धर्म चुकीचा आहे असे कोणी म्हटले नाही. सारा इस्राएल वर्णद्वेष्टा आहे असा चळवळीचा सूर नव्हता, मग मनातून कोणाला काहीही वाटो. त्यामुळे वर्तमानपत्रवाल्याला, क्नेसेटच्या सभासदाला, चौकातल्या साध्या माणसाला आपल्या बाजूने काय करायचे ते स्पष्ट दिसत होते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक भरली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल ह्यांनी आपली बाजू घेतली, आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर झाले. महिनाअखेरीस निर्देशातील नाव गेले. चौकशीचा सर्वसाधारण नियम राहिला आणि त्याची टोचणी पुढे बरीच वर्षे राहिली, हे मान्य. तरी मिळाले ते कमी नव्हते.

ह्या दोन प्रसंगांतला फरक नुसता नम्रतेचा नव्हे. १९६४चे लोक मुळीच नम्र नव्हते, रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. फरक असा की, ऐकणाऱ्याला त्यांनी एक काम दिले. सीलच्या पिल्लाच्या चित्रानेही काम दिले होते, पण ते लंडनच्या बाईला आणि पॅरिसच्या बाईला : धनादेश पाठवा, कोट घेऊ नका. बर्फावर राहणाऱ्या माणसाला त्या चित्रात दोनच जागा होत्या. एक तर मारेकऱ्याची, नाही तर मुळीच नाही. कायद्याच्या कोपऱ्यात ‘इन्युइट वगळून’ असे लिहिले म्हणजे त्याला जागा दिली, अशी समजूत झाली. आपल्या लोकांना असल्या ‘वगळून’चा अर्थ समजावून सांगायला नको.

२०१४ साली ह्या गोष्टीला दोन वेगळी वळणे मिळाली. मार्चमध्ये ऑस्कर समारंभात एलन डीजेनेरस ह्या सूत्रसंचालिकेने काढलेल्या एका छायाचित्राबद्दल सॅमसंग कंपनीने मोठी देणगी दिली. त्यातला अर्धा भाग, म्हणजे १५ लाख डॉलर, अमेरिकेच्या ह्यूमेन सोसायटीकडे गेला, आणि ही संस्था सीलच्या शिकारीविरुद्ध प्रचार करणारी. उत्तरादाखल इन्युइट तरुणांनी सीलचे कपडे घालून स्वतःची छायाचित्रे काढून प्रसृत केली. आजीची टोपी, बाळाचे बूट, लग्नातला झगा. शिवीगाळ नाही. चित्रपटात हा भाग फार प्रसन्न उतरला आहे. चित्राला चित्रानेच उत्तर, आणि ह्या वेळी चित्रात माणसे आहेत.

दुसरे वळण जूनमध्ये आले. ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेच्या प्रमुख जोआना कर ह्यांनी, सीलच्या मोहिमेने उत्तरेकडील लोकांचे आर्थिक आणि सांस्कृतिक नुकसान झाले, हे मान्य करून जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागणे सोपे असते. पण त्याच महिन्यात राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने बॅफिन बेटाच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी पाण्याखाली स्फोटक आवाजांची चाचणी करायला परवानगी दिली. वेन्झेल ज्या गावात राहिले त्याच क्लाइड रिव्हरच्या लोकांनी ह्या परवानगीला विरोध केला, कारण त्या आवाजाने देवमासे आणि सील पळून जातील अशी त्यांना धास्ती होती. हजार-बाराशे वस्तीच्या गावाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च कसा झेपणार? त्या वेळचे महापौर जेरी नाटानिन ह्यांनी ग्रीनपीसची मदत घेतली. ज्या संस्थेचे नाव उत्तरेत शिवीसारखे घेतले जाई तिला त्यांनी दार उघडले आणि त्याबद्दल स्वकीयांचे बोलणेही खाल्ले. २०१६च्या उन्हाळ्यात ग्रीनपीसचे जहाज सौर विजेचे पत्रे घेऊन गावात आले. २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला : गावकऱ्यांशी नीट विचारविनिमय झालेला नाही, सबब परवानगी रद्द.

निकाल चित्रपटानंतरचा, म्हणून तो त्यात नाही हे उघड आहे. आज चित्रपट पाहताना तो मनात धरूनच पाहावा लागतो. २०२५च्या ऑक्टोबरात निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने हार्प सीलचे नाव धोक्याच्या एक पायरी अलीकडच्या वर्गात घातले. कारण म्हणून प्रामुख्याने सांगितले ते हवामान तापून समुद्रावरचा बर्फ वितळणे. सीलला बर्फ हवा, इन्युइटांनाही बर्फ हवा. तो राखण्यासाठी ज्यांनी तेलवाल्यांना कोर्टात खेचले ते त्याच चित्रातून वगळलेले शिकारी. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना कोणी विचारले असते तर हे तेव्हाही समजले असते.

तांत्रिक बाजूविषयी थोडेसे. छायाचित्रण स्वच्छ आहे. बर्फाचा उजेड इतका प्रखर की उत्तरेतला उन्हाळा घरबसल्या डोळ्यांत जातो. निवेदन इंग्रजीत असून इनुक्टिटुट भाषेतील संभाषणांखाली इंग्रजी ओळी येतात, पण त्या भराभर जातात, तेव्हा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी शेजारी बसून मराठीत सांगावे लागेल. निर्मितीत कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा सहभाग आहे आणि चित्रपट त्यांच्या संग्रहात मिळतो. शिकार आणि कातडे सोलण्याची दृश्ये लपविलेली नाहीत. अगदी लहान मुलांना दाखवू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलांना अवश्य दाखवावा, आणि शाळेतून त्यांनी कधी सीलच्या पिल्लाचे पत्रक घरी आणले असेल तर तेही समोर ठेवून.